गाभोळीची नोंद: सिएटलच्या ओढ्यांतील कोहो सॅमनचे मृत्यू आणि पाणलोटाची माहिती

अमेरिकेच्या मुख्य भूमीच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, प्युजेट साउंड नावाची खोलवर आत शिरलेली खाडी आहे आणि तिच्या काठाने सिएटल शहर पसरले आहे. या शहरातून वाहणाऱ्या काही लहान ओढ्यांची १९९० च्या दशकात मोठ्या आस्थेने दुरुस्ती करण्यात आली. माशांची वाट अडवणाऱ्या मोऱ्या बदलल्या गेल्या, काठावर झाडे लावली गेली, पात्रात ओंडके आणि गोटे टाकून पाण्याला पुन्हा डोह आणि उथळ धार मिळवून देण्यात आली. समुद्रातून अंडी घालण्यासाठी परतणाऱ्या सॅमनने हे ओढे पुन्हा आपलेसे करावेत, हा त्यामागचा हेतू होता. मासे आलेही. कोहो जातीचे, तीन वर्षांचे, पूर्ण वाढलेले मासे शरद ऋतूतील पहिल्या पावसाबरोबर लाँगफेलो क्रीकसारख्या ओढ्यांत शिरू लागले आणि काही तासांतच मरू लागले.

सॅमन अंडी घातल्यावर मरतातच. पॅसिफिक महासागरातील सॅमनचे आयुष्य तसेच रचलेले आहे. त्यामुळे ओढ्याकाठी पडलेल्या मेलेल्या माशांचे कोणालाही नवल वाटण्याचे कारण नव्हते. हे मासे अंडी घालण्याआधीच मरत होते, हे फक्त माशाचे पोट फाडून पाहिल्यावरच कळण्यासारखे होते. सॅमनच्या संख्येवर आणि नदीच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्यासाठी जी माहिती गोळा केली जाते, तिच्यात कोणता रकाना आहे आणि कोणता नाही, यावर आपल्याला काय दिसेल हे किती अवलंबून असते, याचे इतके स्पष्ट दुसरे उदाहरण मला माहीत नाही. म्हणून या एकाच प्रकरणाची मांडणी येथे सविस्तर केली आहे.

मोजणीची रूढ पद्धत

प्युजेट साउंडमधील सॅमन हा जगातील सर्वाधिक मोजल्या जाणाऱ्या माशांपैकी एक असावा. याचे एक कारण कायद्यात आहे. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी दिलेल्या निकालानुसार, एकोणिसाव्या शतकातील करारांवर सही केलेल्या आदिवासी राष्ट्रांचा पकडण्याजोग्या माशांपैकी निम्म्यावर हक्क मान्य झाला आणि राज्य सरकार व ही राष्ट्रे मिळून मत्स्यव्यवस्थापन करू लागली. निम्मा वाटा ठरवायचा तर मुळात मासे किती, हे दोन्ही पक्षांना मान्य होईल अशा रीतीने ठरवावे लागते. साहजिकच सगळी मोजणी एका प्रश्नाभोवती उभी राहिली: यंदा किती मासे पकडले गेले आणि किती जाळ्यातून निसटून नदीत परतले?

परतलेल्यांची संख्या काढण्यासाठी ठरावीक ओढ्यांच्या ठरावीक टप्प्यांत माणसे साधारण आठवड्याला एकदा पाण्यातून चालत जातात. जिवंत मासे, मेलेले मासे आणि मादीने शेपटीने गोटे उकरून केलेली घरटी ती मोजतात. एकच मासा दोनदा मोजला जाऊ नये म्हणून मेलेल्या माशाची शेपटी कापून ठेवतात. हंगामभराचे आकडे आलेखावर मांडून त्या वक्ररेषेखालच्या क्षेत्रफळावरून एकूण माशांचा अंदाज बांधला जातो. याला जोड मिळते ती मत्स्यबीज केंद्रांतील खुणांची. केंद्रात वाढवलेल्या पिलांची पाठीवरची छोटी मांसल पर कापतात आणि काही पिलांच्या नाकाडात जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, सांकेतिक क्रमांक कोरलेला तारेचा तुकडा बसवतात. अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंत कुठेही तो मासा सापडला आणि त्याचे डोके तपासले गेले, तर तो कोणत्या केंद्रातून कोणत्या वर्षी सुटला हे कळते. ही सारी माहिती पॅसिफिक किनाऱ्यावरील राज्यांच्या मत्स्य आयोगाकडे एका सामाईक साठ्यात जमा होते आणि कोणालाही पाहता येते.

ही व्यवस्था निष्ठेने उभी केलेली आहे आणि तिच्यावाचून या माशाबद्दल आज आपल्याला फारसे काही कळले नसते. पण तिच्यात परतलेला मासा म्हणजे यशस्वी मासा, असे एक गृहीतक दडलेले आहे. जंगलातल्या ओढ्यात ते बहुतांशी खरे ठरते. शहरातल्या ओढ्यात ते सपशेल खोटे ठरले. आणि संख्येच्या तक्त्यात ते खोटे ठरल्याचे दिसण्याची सोयच नव्हती, कारण पोटात सगळी अंडी घेऊन मेलेली मादीही परतलेल्यांतच धरली जात होती.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. एखाद्या ओढ्यात दरवर्षी निम्म्याहून अधिक माद्या अंडी न घालता मरत असतील, तर काही पिढ्यांत तेथील मासे संपायला हवेत आणि निदान संख्या घसरल्यावर तरी धोक्याची घंटा वाजायला हवी. ज्युलॅन स्प्रॉमबर्ग आणि नॅट शॉल्झ यांनी २०११ मध्ये मांडलेल्या गणिती प्रारूपातही स्थानिक कोहोची अशीच वेगाने घसरण दिसते. प्रत्यक्षात मात्र मासे येतच राहिले, कारण सॅमनपैकी काही वाट चुकून दुसऱ्याच ओढ्यात शिरतात आणि आसपासच्या मत्स्यबीज केंद्रांतून सुटलेले असे चुकार मासे शहरी ओढ्यांत भर घालत होते. ओढा दरवर्षी मासे मारत होता आणि बाहेरून येणारे मासे ती तूट झाकत होते.

पोट फाडून पाहणे

समुद्र आणि हवामान यांचा अभ्यास करणाऱ्या नोआ या अमेरिकी केंद्रीय संस्थेच्या सिएटल येथील मत्स्यविज्ञान केंद्रातील शॉल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ ते २००९ अशी सलग आठ वर्षे शहरी ओढ्यांची पाहणी केली. त्यांची पद्धत रूढ मोजणीहून दोन बाबतींत वेगळी होती. एक तर त्यांच्या फेऱ्या आठवड्याच्या अंतराने नव्हत्या. हंगामात त्या दर काही दिवसांनी आणि पुष्कळदा रोज होत. मरायला टेकलेला कोहो काही तासच तसा दिसतो. तो पृष्ठभागापाशी येऊन गोल गोल फिरतो, तोंड वासतो, पर ताठ पसरतो, तोल जाऊन एका कुशीवर होतो. आठवड्याने येणाऱ्याला यातले काही दिसत नाही. फार तर एक मेलेला मासा दिसतो, आणि रॅकून किंवा पुराचे पाणी आधी पोहोचले असेल तर तोही दिसत नाही.

दुसरे म्हणजे, सापडलेली प्रत्येक मादी ते फाडून पाहत. अंडी घालून मेलेल्या मादीची शेपटी गोटे उकरून उकरून झिजलेली आणि पांढरी पडलेली असते. पोट सैल असते आणि आत तुरळक सुटी अंडी राहिलेली असतात. लाँगफेलो क्रीकमध्ये सापडणाऱ्या माद्यांच्या शेपट्या धड होत्या, अंगावर चांदीसारखी चमक अजून शिल्लक होती आणि पोटात गाभोळीचे दोन्ही भरगच्च पट्टे जसेच्या तसे होते. कोकणात ज्याने मासळी साफ केली आहे, त्याला हा फरक पाहताक्षणी कळेल. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती सुरी, नोंदवही आणि दरवर्षी त्याच पद्धतीने तीच गोष्ट लिहिण्याची चिकाटी. नरांच्या बाबतीत असा निवाडा करणे कठीण असल्याने मृत्यूचे प्रमाण माद्यांवरूनच काढले गेले, आणि हा निर्णय योग्यच होता.

आठ वर्षांच्या नोंदींनी जे दाखवले ते भयंकर होते. शहरी ओढ्यांत वर्षावर्षाला परतलेल्या माद्यांपैकी ६० ते १०० टक्के माद्या अंडी न घालता मेल्या होत्या. तुलनेसाठी निवडलेल्या, जंगलातून वाहणाऱ्या फोर्टसन क्रीकमध्ये हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. त्याच नोंदींच्या आधारे नेहमीचे संशयितही एकेक करून वगळता आले. पाण्याचे तापमान ठीक होते, विरघळलेला प्राणवायू पुरेसा होता, मासे रोगट वा अशक्त नव्हते, कीटकनाशकांनी या मृत्यूंचे स्पष्टीकरण होत नव्हते. नदीची प्रकृती जोखण्यासाठी जी मोजमापे नेहमी घेतली जातात, त्यांच्या दृष्टीने हा ओढा इतके मासे मारण्याइतका वाईट नव्हता.

माशाची नोंद आणि जमिनीचा नकाशा

दोन वेगवेगळ्या खात्यांची माहिती याच टप्प्यावर एकत्र आली. ब्लेक फाइस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूच्या नोंदी पाणलोट क्षेत्राच्या नकाशांवर ठेवून पाहिल्या: जमिनीवर काय आच्छादन आहे, किती भागात पाणी मुरत नाही, रस्ते किती आणि कसले आहेत, वापर निवासी आहे की व्यापारी. २०११ च्या पहिल्या अभ्यासात मोजकेच ओढे होते, तरीही पाणी न मुरणारे पृष्ठभाग, स्थानिक रस्ते आणि व्यापारी वापराची जमीन यांच्याशी मृत्यूचा संबंध दिसला. २०१७ च्या अभ्यासात ५१ ठिकाणच्या नोंदी होत्या. त्यात पावसाचे मान, रस्त्यांची घनता आणि वाहनांची वर्दळ यांचाही विचार झाला, आणि प्युजेट साउंडच्या खोऱ्यात कोहोच्या वावरक्षेत्राच्या सुमारे ४० टक्के भागात असे मृत्यू होत असावेत, असा नकाशाच तयार झाला.

या नकाशासाठी वापरलेली जमिनीची बरीचशी माहिती माशांसाठी जमवलेली नव्हती. उपग्रहावरून केलेले भू-आच्छादनाचे नकाशे सरकारच्या शेकडो कामांसाठी असतात; रस्त्यांचे तपशील आणि वाहनांची मोजदाद रस्ते बांधणाऱ्यांसाठी असते. ते साठे सर्वांना खुले होते आणि प्रत्येक नोंदीला जागा व तारीख होती, म्हणून ते माशाच्या नोंदीला जोडता आले. पोट फाडून लिहिलेली ओळ कोणत्या ओढ्याच्या कोणत्या टप्प्यातली आणि कोणत्या दिवशीची, हे नीट लिहिलेले नसते, तर जोडण्यासारखे काही उरलेच नसते.

माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोलाचा दस्तऐवज हा नकाशाच आहे, कारण विषाचे नाव माहीत नसतानाही विष कोठून येते हे तो सांगत होता.

रस्त्यावरचे पाणी आणि मातीची गाळणी

दरम्यान प्रयोगही चालू होते. सुक्वामिश या आदिवासी राष्ट्राच्या मत्स्यबीज केंद्रात परतलेले निरोगी कोहो घेऊन त्यांना सिएटलच्या ५२० क्रमांकाच्या महामार्गावरून गोळा केलेल्या पावसाच्या पाण्यात ठेवण्यात आले. हा महामार्ग लेक वॉशिंग्टनवरून सिएटलला बेलव्ह्यू आणि रेडमंडशी जोडतो; तेथील संगणक कंपन्यांत काम करणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांची ती रोजची वाट आहे. न गाळलेल्या पाण्यात सगळे मासे मेले. तेच पाणी वाळू, कंपोस्ट आणि झाडाची साल यांच्या थरांतून झिरपवले, तेव्हा सगळे जगले. धातू आणि तेलातील हायड्रोकार्बन यांचे मुद्दाम तयार केलेले मिश्रण मात्र ही लक्षणे निर्माण करू शकले नाही. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. जेनिफर मॅकिन्टायर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले की ज्या पाण्यात कोहो मरतो, त्याच पाण्यात चम जातीचा सॅमन जगतो. त्यामुळे चमच्या संख्येवरून शहरी ओढ्याची प्रकृती जोखणाऱ्याला सारे काही आलबेल आहे असेच वाटले असते.

शेवटचा धागा रसायनशास्त्रज्ञांनी उकलला. झेन्यू तियान, एडवर्ड कोलोझी आणि त्यांच्या गटाने टायरच्या झिजलेल्या कणांचा अर्क घेतला, त्यातील दोन हजारांहून अधिक रसायनांचे टप्प्याटप्प्याने विभाग पाडले आणि कोणत्या विभागात मासे मरतात हे पाहत पाहत एका पदार्थापर्यंत येऊन पोहोचले. त्याच्या रेणूत कार्बनचे १८, हायड्रोजनचे २२, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे २ अणू होते. अशा रचनेचे रसायन टायरच्या घटकांच्या कोणत्याही यादीत नव्हते. टायरमध्ये घातले जाते ते ६पीपीडी. त्यात हायड्रोजनचे दोन अणू अधिक असतात आणि ऑक्सिजन नसतो. हवेतील ओझोनमुळे रबराला भेगा पडू नयेत म्हणून ते मिसळलेले असते. ते ओझोनशी स्वतः संयोग पावते आणि त्यातून ६पीपीडी-क्विनोन तयार होते. हे संशोधन डिसेंबर २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातून पुढे आले. निम्मे कोहो मारण्यास लागणारी मात्रा त्यांनी प्रथम लिटरमागे ०.८ मायक्रोग्रॅम अशी दिली होती. पुढे या पदार्थाचा शुद्ध नमुना बाजारात उपलब्ध झाल्यावर फेरमोजणी झाली आणि २०२२ मध्ये ती ०.०९५ मायक्रोग्रॅमवर आली, म्हणजे विष आधी वाटले त्याच्या आठपटींहून अधिक जहाल निघाले.

पहिल्या निरीक्षणांपासून या नावापर्यंत पोहोचायला सुमारे दोन दशके लागली. रसायन ओळखण्याची साधने तेवढ्या काळात तयार होत गेली, तेव्हा त्या विलंबाचा दोष संशोधकांना देता येणार नाही. पण नकाशा आणि मातीची गाळणी ही दोन्ही २०१७ पर्यंत हाताशी होती. कोणत्या पाणलोटात धोका आहे आणि तो कशाने टळतो, हे ठाऊक झाल्यावर नवे रस्ते बांधताना आणि जुने दुरुस्त करताना नावाची वाट पाहण्याची गरज नव्हती, असे माझे स्पष्ट मत आहे.

उरलेल्या फटी

नाव कळल्यावर माहितीचा प्रश्न सुटला, असे मानणे चुकीचे होईल. वॉशिंग्टन राज्यात पाण्याच्या गुणवत्तेच्या नोंदींचा खुला साठा आहे. पर्यावरण खाते नद्यांचे नमुने नियमाने घेते. पण महिन्यातून एकदा, ठरल्या दिवशी घेतलेला नमुना हे विष क्वचितच पकडेल. कोरड्या काळानंतर पाऊस सुरू झाला की रस्त्यावर साचलेली टायरची धूळ पाण्याबरोबर ओढ्यात उतरते, मात्रा काही तास चढते आणि मग ओसरते. बाधा झालेल्या कोहोला नंतर स्वच्छ पाण्यात सोडले तरी तो सावरत नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे ते मोजके तासच निर्णायक असतात. पावसाच्या चढउतारानुसार आपोआप नमुने घेणारी यंत्रे ओढ्यावर बसवावी लागतात आणि ती खर्चिक असतात. अशा वेळी प्रवाहमापकांवरील दर काही मिनिटांच्या नोंदी फार उपयोगी ठरतात, कारण मासे मेले त्या दिवशी पाणी कधी चढले हे त्यांतून नेमके काढता येते.

ओढ्याच्या तळाशी राहणाऱ्या किड्यांवरून प्रकृती जोखण्याची पद्धतही या खोऱ्यात चांगली रुजली आहे. किंग काउंटी (सिएटल ज्यात येते तो जिल्हा) आणि इतर संस्था किड्यांच्या जाती व प्रमाण मोजून प्रत्येक ठिकाणाला ० ते १०० मध्ये गुण देतात आणि ते गुण सर्वांना पाहता येतात. वर्षानुवर्षे साचत गेलेला बिघाड हे गुण उत्तम दाखवतात. काही तासांच्या विषाचा कोहोवर काय परिणाम झाला, हे सांगणे त्यांचे काम नव्हे, आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षा ठेवू नये.

मोठी उणीव अजूनही पहिल्याच रकान्यात आहे. पोट फाडून अंडी पाहण्याची नोंद काही ओढ्यांत स्वयंसेवकांच्या बळावर चालू आहे. लाँगफेलो क्रीकवर दर शरदात माणसे हे काम करतात. बहुतेक ठिकाणी मात्र मेलेला मासा हा फक्त एक आकडा असतो. इंद्रधनुषी ट्राउट आणि ब्रूक ट्राउट यांनाही ६पीपीडी-क्विनोन मारक असल्याचे २०२२ पर्यंत प्रयोगांत दिसून आले होते. तेव्हा हा प्रश्न एका जातीपुरता राहिलेला नाही.

पुढची मोजणी

युरोक, पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम आणि प्युॲलप या आदिवासी राष्ट्रांनी २०२३ मध्ये केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेकडे टायरमधील ६पीपीडीवर नियंत्रण आणण्याची मागणी केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती विचारार्थ मान्य झाली. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर २०२३ पासून ६पीपीडी असलेल्या टायरसाठी उत्पादकांना सुरक्षित पर्यायांचा शोध घेणे बंधनकारक झाले आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय संस्थेने गोड्या पाण्यातील जीवांच्या रक्षणासाठी ६पीपीडी-क्विनोनची लिटरमागे ११ नॅनोग्रॅम ही तीव्र बाधेची तपासणी-पातळी जाहीर केली. पर्यायी रसायन मिळेपर्यंत, आणि रस्त्यांवरची जुनी टायरे झिजून संपेपर्यंत, मातीच्या गाळण्या हाच हाताशी असलेला उपाय आहे, आणि त्या कोठे बांधायच्या हे रस्ते, उतार आणि वाहतूक यांच्या नकाशांवरूनच ठरवावे लागेल.

त्या गाळण्यांचा गुण आला की नाही, हे ओढ्यात किती कोहो परतले यावरून कळणार नाही. चुकार मासे तो आकडा कधीही फुगवू शकतात. त्यासाठी गाळणीच्या आधीची काही वर्षे आणि नंतरची काही वर्षे, त्याच टप्प्यात, पावसाच्या दिवसांना धरून, सापडलेल्या माद्यांपैकी किती जणींच्या पोटात गाभोळी तशीच राहिली हे लिहावे लागेल, आणि शेजारच्या गाळणी नसलेल्या ओढ्यातही तेच करावे लागेल. कोहोची पिढी तीन वर्षांची असते. तीन पिढ्या पाहायच्या तर नऊ शरद ऋतू लागतात, आणि तेवढ्या काळासाठी पाण्यात उतरणाऱ्या माणसांच्या पगाराची तरतूद गाळणी बांधण्याच्या अंदाजपत्रकातच धरलेली असली पाहिजे.